‘माझे चान्सेस किती?’ असं विचारणाऱ्या सीएंसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै सरत आला की आमच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटच्या फायलींसोबत एक प्रश्नही यायला लागतो, "मॅडम, माझे चान्सेस किती?" विचारणारे बहुतेक आमच्याकडेच आर्टिकलशिप (सीए होताना फर्ममध्ये करायची उमेदवारी) करून गेलेले, आता कोणी बिग फोर म्हणजे चार मोठ्या ऑडिट फर्ममध्ये, कोणी चाकण-रांजणगावच्या कंपनीत फायनान्सला, आणि चान्सेस म्हणजे एमबीएला प्रवेश मिळण्याचे, आयआयएम, आयएसबी नाहीतर थेट हार्वर्ड-व्हार्टनला. याच दिवसांत पेपरात क्लासच्या जाहिराती सुरू होतात, 'फ्री प्रोफाइल इव्हॅल्युएशन' वगैरे, आणि तिथे जाऊन आलेली पोरं मला आकडा सांगतात, अहमदाबाद १५ टक्के, आयएसबी ६० टक्के, हार्वर्ड ५ टक्के. अहो पत्रिकेतले छत्तीस गुण कसे काढले ते गुरुजी निदान सांगतात तरी, हे आकडे कुठून येतात ते कोणीच सांगत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, काटछाट करायचीच झाली तर शेवटची विनंती तेवढी ठेवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे शॉर्टलिस्ट हा हिशोब असतो आणि तिकडे, परदेशात, अर्ज हा कोणीतरी बसून वाचायचा मजकूर असतो, आणि आमचे सीए नेमकं उलटं करतात, इथे हिशोब न करता 'मी सीए आहे' या भरवशावर राहतात आणि तिकडे गोष्ट सांगायची सोडून आकडे मांडत बसतात.

आधी इथलं बघू. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, बसायला सीए चालतं, पात्रतेच्या अटीत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. यूजीसीनेही २०२१ मध्ये सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि आयसीडब्ल्यूएला (कॉस्ट अकाउंटंट) पोस्ट ग्रॅज्युएशनच्या बरोबरीचं मानायचं ठरवलं. यावरून पोरांचा समज असा होतो की आपण एक पायरी वर उभे आहोत. पण बसायला परवानगी मिळणं वेगळं आणि इंटरव्ह्यूचा कॉल येणं वेगळं. कॉल कॅटचा स्कोअर, दहावी, बारावी, डिग्रीचे मार्क, नोकरीचा अनुभव यांना वजनं देऊन ठरतो, प्रत्येक आयआयएमची वजनं निराळी, आणि ती दरवर्षी त्यांच्या वेबसाइटवर अॅडमिशन पॉलिसीत छापलेली असतात. अहमदाबादचं बघा, दहावी-बारावी-डिग्री-अनुभव सगळ्याचं मिळून एक रेटिंग काढतात, बारावीला सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्सचे तक्ते वेगळे. म्हणजे पंधराव्या वर्षी भूमितीच्या पेपरात जे झालं ते सत्ताविसाव्या वर्षीही तुमच्यासोबत आहे. बरोबर की चूक हा वाद नंतर घाला, आधी एक्सेल उघडा आणि स्वतःची बेरीज करा, सीएला हे मी सांगायचं म्हणजे गंमतच आहे.

आणि इथे सीएवाल्यांची सगळ्यात मोठी गोची कुठे होते माहितीये का, बीकॉममध्ये. आपल्याकडे सीए करणारा मुलगा बीकॉमला कॉलेजात फक्त परीक्षेपुरता जातो, बीएमसीसी असो की गरवारे की अजून कुठलं, सकाळी क्लास मग आर्टिकलशिप मग अभ्यासिका, घरचेही म्हणतात बीकॉम काय होऊन जाईल, तू सीएकडे बघ. आणि होऊन जातंच, ५८ टक्क्यांनी. सीएच्या निकालानंतर पेढे वाटले जातात, बीकॉमची मार्कशीट कपाटात जाते, आणि चार वर्षांनी आयआयएमचा फॉर्म भरताना ती परत बाहेर निघते कारण डिग्रीच्या रकान्यात तेच ५८ भरायचे असतात. सीएमध्ये प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ५० टक्के म्हणजे पास, ६० मिळाले की त्या पेपरला एक्झम्प्शन म्हणजे ग्रुप राहिला तरी तो परत द्यायला नको, आमच्यात ५५ टक्क्यांनी पास झालेल्याला कोणी नावं ठेवत नाही. पण बऱ्याच फॉर्म्युल्यांना हे माहीत नसतं, त्यांना ५५ म्हणजे ५५. त्यामुळे आत्ता जी मुलं सीएच्या पहिल्या पायऱ्यांवर, फाउंडेशन-इंटरला आहेत त्यांच्या आईवडिलांनी निदान एवढं करावं, बीकॉमला वाऱ्यावर सोडू देऊ नये.

आर्टिकलशिपचंही तसंच. आधी तीन वर्षांची होती, २०२३ पासून नवीन स्कीममध्ये दोन वर्षांची झाली, पण बहुतेक आयआयएम डिग्रीनंतरची फुल-टाइम नोकरीच अनुभव म्हणून धरतात, आर्टिकलशिप त्यात येत नाही. मार्चएंडला गोडाउनमध्ये स्टॉक मोजलेला असतो, पार्टनरच्या शिव्या खाल्लेल्या असतात, महिने मात्र शून्य. फॉर्ममध्ये ते घुसवायचा प्रयत्न करू नका, पुढे कागदपत्रं तपासताना निघालं तर अॅडमिशनच जातं.

आता जमेची बाजू. काही आयआयएम इंजिनिअर नसलेल्यांना अॅकॅडमिक डायव्हर्सिटीचे मार्क देतात, कोझिकोड आणि लखनौने हे बरीच वर्षं केलंय, आणि मुलगी असेल तर जेंडर डायव्हर्सिटीचेही मिळतात. कॉमर्सच्या मुलीला दोन्हीकडून फायदा होतो आणि तो तिने खुशाल घ्यावा, लोक काय बोलतील याची पर्वा करू नये, बोलणाऱ्यांच्या फिया आपण भरत नाही. मार्क कमी असलेल्यांसाठी महाराष्ट्रातलीच एक वाट पुणेकरांना का सुचत नाही मला कळत नाही, ती म्हणजे मुंबईचं जमनालाल बजाज. तिथला एमएमएसचा (त्यांचा एमबीएच तो) प्रवेश कॅप म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या मेरिटवर, दहावीत काय पडले होते ते कोणी उकरत नाही आणि जीडी-इंटरव्ह्यूही नाही. सीईटी म्हणजे दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, हे वेगाचं काम आहे आणि वेग आमच्या पोरांकडे असतो. घर सोडायचंच नसेल तर सिम्बायोसिसची स्नॅप परीक्षा देऊन लवळ्याच्या टेकडीवरचं त्यांचं एसआयबीएम आहे, ते टॉपमध्ये धरायचं की नाही यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. फीचंही बघा, अहमदाबादला दोन वर्षांचे पंचवीस लाखांच्या आसपास जातात आणि दिल्लीच्या एफएमएसला दोन-अडीच लाखांत होतं, हा फरक बॅलन्सशीट वाचणाऱ्या माणसाला दिसू नये याचं मला नवल वाटतं.

कॅटमध्ये सीए अडतो कुठे तर गणितात नाही, इंग्रजी उताऱ्यात. तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं, एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. इंड एएस ११५ हे अकाउंटिंगचं स्टँडर्ड कोळून प्यायलेला मुलगा कुठल्यातरी तत्त्वज्ञानाच्या उताऱ्यापाशी दहा मिनिटं बसून राहतो कारण पाच वर्षं त्याने सर्क्युलर सोडून इंग्रजीत काहीही वाचलेलं नसतं. यावर क्लासचा उपाय नाही, रोज वाचणं हाच आहे, आणि ते जानेवारीपासून करायचं असतं, ऑक्टोबरपासून नाही.

आता तिकडचं, म्हणजे आयएसबी आणि परदेश. आयएसबी आपल्याच देशात, हैदराबाद आणि मोहालीला, पण पद्धत बरीचशी परदेशी, जीमॅट किंवा जीआरई या प्रवेश परीक्षेचा स्कोअर, निबंध, शिफारस, आणि निदान दोन वर्षांचा अनुभव. जीमॅटही बदललीय, २०२३ च्या शेवटी नवीन आली, तीन सेक्शन प्रत्येकी ४५ मिनिटांचे, स्कोअर २०५ ते ८०५, आणि आता ६४५ म्हणजे जुन्या ७०० च्या जवळपास. त्यामुळे ६५५ आले म्हणून रडत आलेल्या मुलाला मी आधी चहा पाजते आणि मग हे सांगते, काकांच्या काळातले ७०० डोक्यातून काढून टाक. अजून एक, क्वांटला कॅल्क्युलेटर मिळत नाही. आमच्या पोरांची बोटं कॅल्क्युलेटरवर न बघता फिरतात, जीटीचं (ग्रँड टोटल) बटण दाबल्याशिवाय बेरीज पुरी झाल्यासारखी वाटत नाही, त्यांना १७ गुणिले १४ कागदावर करायला लावलं की चेहरे बघण्यासारखे होतात.

पण स्कोअर हा तिकडे फक्त दारातून आत येण्यापुरता. हार्वर्डला नऊ-दहा हजार अर्ज येतात आणि वर्गात साधारण ९३०, स्टॅनफर्डचा वर्ग तर सव्वाचारशेच्या आसपास. तिथे 'सीए, बिग फोर, चार वर्षं, जीमॅट चांगला' असे अर्ज भारतातून ढिगाने जातात. आपल्या सोसायटीत आपण एकटे सीए असलो तरी त्या टेबलावर नसतो. इंजिनिअर आयटीवाल्यांची गर्दी मोठी म्हणून सीएला सोपं, असं जे पसरवलं जातं ते अर्धंच खरं, आपली रांग थोडी लहान आहे इतकंच.

मग वेगळं काय दाखवायचं? एका मुलाचा किस्सा सांगते, नाव-कंपनी सांगत नाही. बीकॉमला साठ टक्के, सीए दुसऱ्या प्रयत्नात, थोडी वर्षं ऑडिटमध्ये काढून मग चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत. रेझ्युमे आणून दिला तर त्यात 'खाती फायनल करणे, जीएसटी रिटर्न, स्टॅट्युटरी ऑडिटरशी समन्वय' अशी यादी, असे रेझ्युमे पुण्यात कुठल्याही फायनान्स डिपार्टमेंटमध्ये हात घातला की मूठभर निघतील. मी म्हटलं हे बाजूला ठेव, तिथे तू नसतास तर काय झालं नसतं ते सांग. बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं की कंपनीचा स्क्रॅप विकला जायचा, लोखंडाचा चुरा आणि तुकडे, आणि याला तीन महिन्यांचे आकडे बघताना शंका आली की माल जितका मशीनवर जातो त्या मानाने स्क्रॅप कमी निघतोय. कागद सगळे जागेवर, बिल आहे, स्क्रॅप विकताना घ्यायचा टीसीएस (कर) घेतलाय, ई-वे बिल आहे, ऑडिटमध्ये कोणी बोट ठेवलं नसतं. हा नाइट शिफ्टला जाऊन वजनकाट्यापाशी उभा राहिला. तेव्हा दिसलं की गाडीचं रिकामं वजन दर वेळी घेतच नाहीत, जुन्याच चिठ्ठीवरचं हाताने उतरवतात, आणि गाडी मात्र दर वेळी वेगळी. याने काटा थेट सिस्टीमला जोडायला लावला, स्टोअरवाले महिनाभर याच्याशी बोलत नव्हते, कँटीनमध्ये वेगळा बसायचा, प्लँट हेडने आधी झापलं आणि नंतर दुसऱ्या प्लँटलाही तेच करायला लावलं. मी विचारलं हे रेझ्युमेत का नाही, तर म्हणतो, "मॅडम, ते काय अकाउंटिंगचं काम नव्हतं."

हेच तर! हे अकाउंटिंगचं काम नव्हतं म्हणूनच ते अर्जात पाहिजे. हार्वर्ड आता छोटे निबंध मागतं, नेतृत्वावर एक, बिझनेसच्या निर्णयांवर एक, जिज्ञासेतून काय वाढलात यावर एक, आणि स्टॅनफर्डचा प्रश्न तर वर्षानुवर्षं तोच, तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं आणि का. याला 'मी सीए पहिल्या प्रयत्नात झालो' हे उत्तर होऊ शकत नाही. कँटीनमध्ये एकटा जेवणारा माणूस मात्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. फक्त एक पथ्य पाळायचं, क्लायंटचं किंवा कंपनीचं नाव आणि आतले आकडे उघडे करायचे नाहीत, आपल्या व्यवसायाची ती पहिली अट आहे आणि अर्ज वाचणाऱ्यालाही ते कळतं.

सीए म्हणजे काय हे तिकडच्या प्रत्येकाला माहीत असेल असंही धरू नका. दोन ओळींत सांगून टाका, अलीकडच्या फायनल परीक्षांत दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी पास होणारे कधी दहा टक्क्यांच्या आत तर कधी विसाच्या जवळ असतात. हे वाचलं की दुसरा प्रयत्न हा डाग राहत नाही. आणि बीकॉमच्या ६१ टक्क्यांचा जीपीए स्वतःच काढून घाबरू नका, अमेरिकेतल्या बहुतेक शाळा सांगतात की मार्कशीटवर आहे तसंच भरा.

शिफारसपत्र हा अजून एक विनोद. दोन पत्रं लागतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यात प्रश्न असतो की या उमेदवाराला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती, ती कुठल्या प्रसंगी दिली आणि त्यावर त्याने काय केलं. आपल्याकडचे सर म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. मग पोरगं स्वतःबद्दल लिहितं, 'अत्यंत मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर, कुठलाही दोष आढळला नाही', आणि सर सही करतात. हे चारित्र्याचा दाखला म्हणून तलाठी कार्यालयात चालेल. माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती, अर्धा तास काढा आणि स्वतः लिहा, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल पण प्रसंग खरा लिहा. 'आधी क्लायंटसमोर बोलायचा नाही, मी सांगितलं, पुढच्या वर्षी मीटिंग त्याने एकट्याने घेतली' एवढं पुरतं.

वेळेचं गणितही आमच्यासाठी वाईटच बसतं. हार्वर्डच्या अर्जांचा पहिला राउंड सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो, कॅटचे फॉर्मही सप्टेंबरातच बंद होतात, आणि टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबर, वर मुदतवाढ मिळणार की नाही यावर रोज व्हॉट्सअॅपवर नवीन अफवा. प्रॅक्टिसमध्ये किंवा ऑडिट फर्मला असलेल्या माणसाने पहिल्या राउंडचा हट्ट धरू नये, जानेवारीचा दुसरा राउंड धरावा आणि निबंध दिवाळीच्या सुट्टीत लिहावेत. ज्यांचा अनुभव पाच-सहा वर्षांच्या पुढे गेलाय त्यांनी दोन वर्षांच्या कोर्समध्ये बावीस वर्षांच्या पोरांसोबत बसण्याआधी अहमदाबादच्या पीजीपीएक्ससारखे एक वर्षाचे कोर्स बघावेत, त्याला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो आणि जीमॅट चालते.

इंटरव्ह्यूला सीएला हमखास विचारतात, आधीच सीए आहेस, मग एमबीए कशाला? याचं उत्तर 'करिअर ग्रोथ' असं देणाऱ्यांचं पुढे काय होतं ते आपण बघतोच. मला तर वाटतं हा प्रश्न पॅनलने विचारायच्या आधी घरात विचारावा, कारण अमेरिकेतल्या या टॉपच्या शाळांत नुसती ट्यूशनच वर्षाला पंच्याहत्तर हजार डॉलरच्या वर आहे आणि ज्याला फक्त सीएफओ व्हायचंय त्याला चाकणच्या त्याच कंपनीत राहूनही होता येतं. ज्याला फायनान्सच्या खुर्चीतून उठून धंदाच चालवायचाय किंवा लाइनच बदलायचीय त्याने जरूर जावं. आमच्या स्क्रॅपवाल्याला मी हेच विचारलं तर म्हणाला मला प्लँट चालवायचाय, मला ते पटलं. त्याचे अर्ज गेलेत, निकाल यायचाय, आणि त्यालाही टक्का मी सांगितलेला नाही.

राहता राहिले कन्सल्टंट. सगळे वाईट नसतात, काही खरंच मेहनत घेतात. पण डेक्कनच्या बाजूला एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या मुलीचा निबंध दुसऱ्याच कोणाच्या निबंधातला परिच्छेद उचलून परत आला होता, त्यात ही बाई राजस्थानात शाळा बांधत होती. ती कधी नाशिकच्या पलीकडे गेलेली नाही. पैसे द्यायचे तर मॉक इंटरव्ह्यूचे द्या, जीमॅटच्या मॉक टेस्टचे द्या, 'चान्सेस' सांगण्याचे देऊ नका. हार्वर्डला नुसता अर्ज करायचे २५० डॉलर लागतात आणि स्टॅनफर्डला २७५, म्हणजे पाच-सहा शाळांत लाखभर सहज जातो, तो तरी नीट जावा.

आता विनंती. कॅटचा निकाल लागला की ९९.९९ पर्सेंटाइलवाल्यांचे फोटो तुम्ही छापता, छापा, पोरांना हुरूप येतो. पण त्याच्या जोडीला जुलै संपायच्या आत, म्हणजे फॉर्म निघायच्या वेळी, आपल्या करिअर पुरवणीत एक पान असं द्या ज्यात अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता, कोझिकोड, लखनौ, मुंबई आणि नागपूर या आयआयएमच्या शॉर्टलिस्टची वजनं मराठीत एकाखाली एक मांडलेली असतील, कॉमर्सवाल्यांसाठी वेगळ्या रकान्यासकट. माहिती सगळी उघडी आहे, फक्त इंग्रजी पीडीएफमध्ये, आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या सांगली-बीडच्या पोराला ती कोणी शोधून देत नाही. तक्ता तपासून द्यायला कोणी सीए हवा असेल तर मी तयार आहे, मानधन नको, फक्त ३० सप्टेंबरच्या आधीच्या पंधरा दिवसांत फोन करू नका.

आपली,
एक सीए, बिबवेवाडी, पुणे